एकतीस नंबरची काच

एकतीस नंबरची काच उषाने मोजून संपवली. शंभर पेशींत बारा तपकिरी. वहीत बारा रेघा ओढून झाल्या होत्या, तक्त्यात आकडा भरायचा राहिला होता. तेवढ्यात प्राजक्ता आत आली आणि तिने दार लोटून घेतलं.

प्राजक्ताचं काम लेबलांचं. रुग्णाचं नाव झाकायचं, काचेवर नंबर चिकटवायचा. परराज्यातल्या ह्या प्रयोगशाळेत दोघी हिंदीतच बोलत. आज ती मराठीत बोलली.

"उषाताई, एकतीस नंबर म्हणजे आमचा अनिकेतदादा."

उषाने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली.

"पहिल्या मोजणीत नऊ आलेत. दोघांच्या मोजणीची सरासरी दहा लागते. दुसरं औषध उरलं नाहीये हो त्याला. तुम्ही जरा मोकळ्या हाताने मोजा."

औषध नवं होतं, चाचणीतलं. कर्करोगाची गाठ इशारे सोडून शरीराच्याच पेशी बोलावून घेते आणि आलेल्या पेशी तिचीच राखण करतात. औषध तो इशारा अडवतं. पण इशारा ऐकणाऱ्या पेशी पुरेशा असल्या तरच. काचेवर तपकिरी दिसतात त्या ह्याच. चाचणीत एक जागा उरली होती. यादी पाचला बंद होणार होती, आणि तीन वाजून गेले होते.

नऊ आणि बारा. जमत होतं. उषाने पेन उचललं. सहीच्या जागेवर छापलं होतं : रुग्ण कोण हे मला ठाऊक नाही.

मोजताना ठाऊक नव्हतंच की. खात्रीसाठी तिने पुन्हा डोळा लावला. मघाशी सोडून दिलेल्या फिकट पेशी आता तपकिरी वाटायला लागल्या. सोळा. पुन्हा मोजल्या. अठरा.

तिने पेन खाली ठेवलं आणि तिसऱ्या मोजणाऱ्याला, केदारला, फोन लावला. तो डमडमला घरी होता. मेट्रोने तासाभरात पोचतो म्हणाला.

"केदार?" प्राजक्ताचा आवाज चढला. "अहो, जरा शंका आली की पेशी सोडून देतो तो! अकरा तरी भरतील का त्याच्या हातून?"

"नाव कळल्यावर मला मोजता येत नाही. हा नियम सगळ्यांना तूच सांगतेस ना?"

"भाऊ आहे माझा, ताई."

उषाने तक्त्यावर आडवी रेघ मारली आणि लिहिलं, वाचन रद्द. प्राजक्ता स्टुलावर बसली. तिने हळूच विचारलं,

"मी यायच्या आधी किती आले होते?"

उषाने वहीतल्या बारा रेघांवर पंजा ठेवला.

"मोजायला घेतलंच नव्हतं," ती म्हणाली.