भरल्याला वाट

"आई, हलू नको! बस तशीच!" बाजीराव ओरडला.

सोनाबाईचा एक पाय कॅरिअरवरून खाली लोंबत होता. चालत्या सायकलवरून ती उडी टाकायला निघाली होती, तीही खाडीच्या बाजूला. तिथं गुडघाभर चिखल आणि त्यावर चढत्या भरतीचं पाणी.

"मले उतरू दे," ती म्हणाली. "समोरून आपल्या गावच्या पाटलाचा पंडित येऊन राहिला."

खरंच पंडित होता. सुरतेतल्या लूमच्या खात्याला, म्हणजे कारखान्याला, सुट्टी, म्हणून पोरं डुमसला समुद्रावर हुंदडून परत निघाली होती. पाचसहा सायकली एकामागे एक, आणि सगळ्यात पुढं पंडित.

डुमसच्या अलीकडचा तो बांध जेमतेम एक सायकल जाईल एवढा. डावीकडं मिठागरं, उजवीकडं खाडी. त्याची डागडुजी करायला ना सरकार येत होतं ना नगरपालिका. जे त्यावरून जायचे, तेच त्याला राखायचे. सुरुवातीलाच दगडांचा ढीग होता. जाणाऱ्यानं त्यातला एक उचलायचा आणि कडा ढासळली असेल तिथं बसवायचा. दुसरा नियम असा, की दोघं समोरासमोर आले तर भरल्याला, म्हणजे ओझं किंवा माणूस घेऊन चाललेल्याला, वाट द्यायची. रिकाम्यानं खाली उतरायचं, मग तो शेठ असो की हमाल.

बाजीरावनं आईच्या ओटीतही एक दगड दिला होता. तेव्हा तिनं विचारलं होतं, "माह्या हातचा चालते का रे?"

"दगडाले काय समजते, आई?" म्हणत त्यानं पॅडल मारलं होतं.

सोनाबाईच्या गावातला नियम वेगळा होता. पाटलाच्या घरचं माणूस समोर दिसलं की महारवाड्यातल्या बाईनं रस्ता सोडायचा, नाल्यात उतरायचं आणि ते माणूस जाईपर्यंत खाली मान घालून उभं राहायचं. बुद्धाची दीक्षा घेऊन बरीच वर्षं झाली होती, पण पायांना ते अजून कळलं नव्हतं. बांधावर आल्यापासून बाजीराव दोनदा म्हणाला होता, "तो बघ, आई, समुद्र." एवढ्याचसाठी तर त्यानं तिला गावाहून आणलं होतं! पण तिची नजर सारखी पुढं, कोण येतंय त्यावर.

आता दोन्ही सायकली चाकाला चाक भिडवून थांबल्या. बाजीराव पाय टेकून उभा राहिला. मागं हात नेऊन त्यानं आईचं मनगट धरलं होतं.

"काय गं सोने, कधी आलीस?" पंडित म्हणाला. उतरला मात्र नाही.

खात्यात बाजीराव आणि पंडितचे लूम शेजारीशेजारी. चहाचा एकच कप दोन बश्यांत ओतून प्यायचे. पण आज मधे सोनाबाई होती, आणि तिच्याबरोबर अख्खं गाव बांधावर येऊन उभं राहिलं होतं. बाजीरावनं तिचं मनगट आणखी घट्ट धरलं. आज आई उतरली, तर या बांधावरूनही ती जन्मभर उतरणार.

"माझी सायकल भरलेली आहे, पंडित," तो म्हणाला.

हँडलवरची पंडितची बोटं नुसती घंटीशी चाळा करत राहिली. बांधाच्या अंगाला पाणी चुळूकचुळूक लागत होतं.

"बाजी, सोड हात," सोनाबाई पुटपुटली. "माणसं खोळंबली."

तेवढ्यात रांगेतून कुणीतरी सुरती ओरडला, "अरे भाई, नीचे उतर ने! भरेली सायकल छे, देखातुं नथी?"

आणि ओरडता ओरडता तो स्वतः उतरला. त्याच्या मागचा उतरला. मग बाकीचेही धपाधप चिखलात उतरले आणि सायकली खांद्यावर घेऊन उभे राहिले. कुणी हसत होता, कुणी पायजमा सावरत होता. वर राहिला तो एकटा पंडित.

त्यानं मागं वळून पाहिलं. मग सायकल उचलली आणि खाली पाय टाकला. कडा ढासळली. तो घसरत गुडघ्यापर्यंत रुतला, तसाच उभा राहिला.

"डाव्या अंगानं जा, बाजी," तो खालूनच म्हणाला. "इकडची कडा गेली."

सायकल हळूहळू निघाली. सोनाबाईनं डोळे गच्च मिटले होते, मग भीतभीत उघडले. खाली माणसांची ओळ उभी होती आणि ती वरून चालली होती. पाटलाच्या पोराच्या डोक्याला मधोमध टक्कल पडलंय, हे तिला तेव्हा दिसलं. एवढा मोठा होईस्तोवर तिनं त्याच्या वहाणाच पाहिल्या होत्या. तिचे हात जुळले. देवळातही तिचे हात असे आपोआप जुळले नव्हते. तिथं तिला कुणी आत घेतलंच नव्हतं.

रांग वर चढून निघून गेली. पंडितही गेला, चिखलाचे पाय झटकत.

"थांबव," सोनाबाई म्हणाली.

या वेळी ती उतरली ती बांधावरच. ओटीतला दगड दोन्ही हातांनी धरून ती मागं चालत गेली. पंडितच्या पायाखाली कडा फुटली होती तिथं बसली, दगड खाचेत घातला, हातानं चिखल लिंपला. मग त्यावर उभी राहून तिनं टाचेनं दोनदा दाबून पाहिलं. दगड हलला नाही.

तिनं पदरानं तोंड पुसलं. मान वर केली.

"हं," ती म्हणाली. "आता दाखव. कुठं हाये तुझा समुद्र?"