आधी आईला

“बाळ पोटात हललं की आधी आईला सांग, मला नंतर. नाहीतर ती जन्मभर ऐकवेल,” तिचा नवरा हसत म्हणाला होता. तिनंही कबूल केलं होतं.

आज त्याला माती देऊन सगळे घरी परतले, आणि बाळ पहिल्यांदा हललं. रडता रडता तिला हसूच फुटलं. हे काय झालं, तिचं तिलाच कळेना.

“पाळकसाहेब, बायबलात अलीशिबेच्या पोटातल्या बाळानं आनंदानं उडी मारली. तिथल्या ग्रीक शब्दाचा अर्थ काय हो?” तिनं सोबत घरी आलेल्या पाळकांना विचारलं.

“अगल्लियासिस? न आवरणारा आनंद. का गं?”

“आजच्या दिवशी चालतो तो?”

पाळकांनी तिच्या पोटाकडे पाहिलं.

तिनं डोळे पुसले आणि सासूबाईंच्या बंद खोलीकडे हळूच निघाली.