मॉनिटर नसलेला वर्ग

“मी बाहेर गेले तरी माझे कान इथेच आहेत, लक्षात ठेवा!” लहानपणी वर्गात ऐकलेला तो आवाज आज मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसला होता. समोर उभी होती तिचीच जुनी विद्यार्थिनी, याच शाळेत नव्याने लागलेली शिक्षिका.

“तू वर्गात नव्हतीस. एकीच्या नाकाचा घोळणा फुटला, तर दुसरी तिला घेऊन सरळ नळावर! कुणाला विचारलं तिने? मॉनिटर काय झोपला होता?”

“मॉनिटर नेमलाच नाही, बाई. आपलं आपण नीट वागायचं, असं मुलांनीच ठरवलंय. बाकीची गणितं सोडवत होती.”

“वा! म्हणजे पोरांना मोकळं रान. तुला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे माझ्या हातात आहे, कळलं? माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. तूही होतीस की! कधी एक तरी पोरगी जागची हलली?”

इतकी वर्षं मनात ठेवलेलं शिक्षिकेच्या ओठांवर आलं.

“नाही हलली, बाई. माझ्या शेजारची फिट येऊन बाकाखाली पडली, तेव्हाही नाही. तुम्ही परत येईपर्यंत आम्ही सगळ्या तिच्याकडे नुसत्या बघत होतो.”