धक्क्यावरचा ईस्टर

जहाज माझ्याच बेटावर, सिरोसला थांबणार होतं, पण जेमतेम तासभर, आणि तेही गुड फ्रायडेला. प्रवासी फोटो काढायला पळाले. मी भटारखान्यातून हात पुसत धक्क्यावर उतरले. आईनं शालीतून ईस्टरसाठी रंगवलेली दोन लाल अंडी काढली. “अगं, ईस्टर परवा आहे! आज उपासाच्या दिवशी अंडं फोडलं तर पाप लागेल,” मी म्हटलं. “लागू दे मला. परवा तू कुठल्या समुद्रात असशील?” तेवढ्यात पाद्री लेफ्तेरिस आले. आईनं हात लपवले. “जहाज कधी सुटतंय?” त्यांनी विचारलं. “आत्ताच, फादर,” मी म्हटलं. “मग बघत काय बसलात? आपटा लवकर!” म्हणत ते पाठ फिरवून उभे राहिले. आईनं एक अंडं माझ्या हातात दिलं आणि आम्ही अंड्यावर अंडं आपटलं. ज्याचं शाबूत राहतं, त्याचं वर्ष सुखाचं जातं. लहानपणापासून मीच हरायचे. यंदा आईचं फुटलं. रविवारी भर समुद्रात माझं अंडं सोलायला घेतलं. ते लाकडी निघालं.