लाल दोरा, हिरवा दोरा

एकेचाळीस साली दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली आणि नगरच्या भट्टीवर नानखटाईची एकच झुंबड उडाली. पीठ घरून मळून न्यायचं, भट्टीवाला भाजून ज्याच्या त्याच्या डब्यात भरून ठेवायचा. डबे सगळ्यांचे सारखेच, म्हणून ओळखीला कडीत लोकरीचा दोरा. मेहताबचा लाल, शेजारच्या लंकाबाईचा हिरवा.

मेहताबचं लोकरीचं सूत केसासारखं बारीक, तिनं विणलेला स्वेटर बघून लोक दुकानाचं नाव विचारायचे. नानखटाई मात्र दर साली अशी व्हायची, की पोरं तिच्या गोट्या खेळायची. लंकाबाईची जिभेवर ठेवताच विरघळायची. त्यात यंदा ईदेलाच तिच्या लेकीला, सुरय्याला बघायला काष्टीचे पाहुणे येणार! आदल्या दिवशी दुपारी भट्टीवाल्याची पाठ वळली आणि मेहताबनं गुपचूप दोन्ही डब्यांचे दोरे बदलले.

ईदेला पाहुण्यांनी स्वेटर वाखाणला, मुलगी वाखाणली, मग नानखटाई तोंडात घातली. कट्‌ असा आवाज झाला. मुलाच्या आजीनं आपली शिरखुर्म्यात बुडवली नि ती मऊ व्हायची वाट बघत बसली.

मदतीला आलेल्या लंकाबाईनं आत एक चावून पाहिली आणि कपाळावर हात मारला.



"अगं मेहताब, ही तुझीच कशी गं? पोरीचं जमावं म्हनून म्या काल सकाळीच दोरे बदलून ठेवले हुते! दात जातील म्हनून घरी डबा अजून उघडला बी न्हाई!"