चौथा आवाज

सखारामने शिडीच्या पायथ्याशी विड्याचं पान ठेवलं, पानावर नारळ ठेवला आणि हेल्मेट काढून हात जोडले. त्याच्यामागे त्याची माणसं उभी होती. जयराम, रुद्रेश आणि सखारामचा मुलगा ओंकार. त्यांनीही हेल्मेटं काढून काखेत धरली. पिवळी प्लॅस्टिकची टोपी घालून देवाशी कसं बोलायचं?

तुये गावातल्या कारखान्याच्या शेडवरचे पत्रे रात्रीच्या वाऱ्याने उडाले होते. खालचा माल कसाबसा ताडपत्रीखाली झाकला होता. सकाळी पाऊस थांबला, वाराही पडला. पण समुद्राच्या बाजूला काळं भरून आलं होतं आणि ते दुपारी इथवर येणार, हे सांगायला वेधशाळा नको होती. त्याआधी छप्पर बंद व्हायला हवं होतं.

संजना बाजूला उभी होती. वर चढणाऱ्या माणसांची काळजी घ्यायला कारखान्याने ठेवलेली, धारगळची मुलगी. आत्ताच तिने चौघांना विचारून घेतलं होतं. बेल्ट तपासले? दोऱ्या तपासल्या? चौघेही एका सुरात "हो मॅडम" म्हणाले होते. रुद्रेशने तर एका प्रश्नाचं उत्तर प्रश्न संपायच्या आतच देऊन टाकलं. 'हो मॅडम' म्हणायला कोणाच्या खिशातलं काय जातं? हे तिला कळत होतं, आणि त्याचा तिला संतापही येत होता.

"बा रवळनाथा म्हाराजा," सखारामने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" मागच्यांनी साथ दिली.

"आज जी ही तुझी लेकरां वर चडतत, तेंका सुखरूप खाली हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं संपलं. सखाराम नारळाला नमस्कार करून वळणार, एवढ्यात संजनाने पायातले बूट काढले आणि चिखलातच त्याच्या शेजारी येऊन हात जोडले.

"रव मामा. आजून संपूक नाय," ती म्हणाली. मग तिच्या गावच्या देवळात म्हातारे घालतात तसा आवाज लावला. "बा देवा म्हाराजा, ह्या चौघांनी वल्या पत्र्यार पाय ठेवच्या आधी लाकडाचे फळये घालूचे असा ठरयल्यानी हा रे म्हाराजा."

चौघे एकमेकांकडे बघायला लागले. पण गाऱ्हाण्याला साथ द्यायची लहानपणापासूनची सवय. तोंडं आपोआप उघडली.

"व्हय म्हाराजा!"

"वारो उठलो तर पत्रो धरून रवाचे नाय, खाली येतले रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" जयरामला आता हसू येत होतं.

"चौगांच्याय बेल्टाचे हूक धड आसत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तीनच आवाज आले. संजनाने हात जोडलेलेच ठेवले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा तिघेच बोलले. सखाराम नारळाकडे बघत राहिला.

ओंकार पुढे आला. बापाच्या कमरेमागे खोचलेला हूक त्याने ओढून बाहेर काढला. हुकाचा खटका तुटलेला होता आणि त्यावर तार गुंडाळली होती.

"ह्यो माझो बेल्ट," ओंकार म्हणाला. "सकाळी टेम्पोत बदलून घेतलंस तो ह्योच मा? माझो माका सैल होता म्हणालंस."

"माझो पाय पत्र्यार कधी घसराक नाय," सखाराम म्हणाला. "तुका कायव झाला तर तुझ्या आवशीक मी काय सांगतलंय?"

"आनी तुका झाला तर मी काय सांगतलंय तिका?"

समुद्राकडचं काळं अजून पुढे सरकलं होतं. संजनाने बूट घातले.

"काम थांबूचा नाय," ती म्हणाली. "तिगे वर जातले. मामा, तुमी खाली रवा. शिडी धरा आनी हयसून सांगा."

"हयसून? माका वर छपराच्या आड्यावरचा काय दिसतला?"

"तेंका दिसतला. तुमी इचारा, ते सांगतले."

तिघे चढले. सखाराम शिडी धरून मान वर करून ओरडत राहिला. फळी सरकव. स्क्रू आधी मधलो मार. ओंकार, हूक खंय आसा तुझो? दर दोन मिनिटांनी तोच प्रश्न. शेवटी ओंकारही वैतागून ओरडला, "दोरीक आसा, बाबा, दोरीकच आसा!"

शेवटचा पत्रा बसला तेव्हा पहिले टपोरे थेंब पडायला लागले. जयराम उतरला, रुद्रेश उतरला आणि दोघे शेडमध्ये पळाले. पावसाने जोर धरला. संजनाने आतून हाक मारली, "मामा, भितर या!" सखाराम हलला नाही. शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून तो भिजत उभा होता.

ओंकार एकेक पायरी खाली आला. त्याचा बूट चिखलात रुतला, मग दुसरा.

कोणी काही विचारलं नव्हतं. तरी सखाराम शिडीवरचा हात न काढता म्हणाला, "व्हय म्हाराजा."