पिवळा कापूस

सन एकोणसाठची गोष्ट. वणीच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायचं काम माझ्याकडे होतं, आणि आपल्या नजरेचा मला भारी ताठा. त्या हंगामात डोळे कोरडे पडले. आत रेती गेल्यासारखे टोचायचे, सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. तरी आठवडाभर मी “पिवळा आहे” म्हणून शेतकऱ्यांच्या गाड्यांमागून गाड्या परत पाठवत होतो.

शेवटी दवाखाना गाठला. तिथल्या ड्रेसरनं, भीमराजनं, गरम फडक्यानं पापण्या शेकल्या आणि बोरिकच्या पाण्यात बोळे भिजवून त्यांच्या कडा हळूहळू पुसल्या. खपल्या निघाल्या, डोळे उघडले. समोर ताटलीत उरलेला कापूस होता. सवयीनं चिमटीत धरला आणि भीमराजला सुनावलं, “याला म्हणतात कापूस! पांढराशुभ्र, एक नंबर. असा माल आमच्या जिनात कोणी आणत नाही. कुठून मिळवला?”

भीमराजनं बोळे गोळा करता करता सांगितलं,



“आमच्याच वावरातला आहे, बाबूजी. दवाखान्यातला संपला म्हून घरून आणला. सोमवारी तुम्हीच पिवळा म्हणून गाडी वापस केलती.”